नाजूक जागेची खाज आणि मलमाची ट्यूब

क्लोबेटासोल नावाचं एक औषध आहे, स्टिरॉइड मलमांमधल्या सर्वांत जोरकस गटातलं. मेडिकलमध्ये जाऊन "खाजेवरचं काहीतरी द्या" म्हटलं की जी ट्यूब हातात पडते तिच्यात बऱ्याचदा हेच असतं, सोबत एखादं बुरशीनाशक आणि एक-दोन अँटिबायोटिक मिसळलेली. जांघेतल्या नायट्यावर ती ट्यूब लावली की चार दिवस खाज थांबते, आणि मग नायटा मांड्यांवर, ढुंगणावर, पोटावर पसरत जातो. हेच क्लोबेटासोल एकटं, योग्य जागी, ठरलेल्या मापाने लावलं, तर बायकांच्या एका आजारात ते नाजूक अवयवांची झीज थांबवतं आणि पुढे होऊ शकणाऱ्या कर्करोगाचा धोका कमी करतं. नायट्यावर ते लावणाऱ्या पहिल्या बाईला कुणी अडवत नाही. दुसरी बाई ट्यूबच्या खोक्यातला कागद वाचून घाबरते आणि पंधरा दिवसांत मलम सोडून देते.

हा लेख दोघींसाठी आहे, पण जास्त करून दुसरीसाठी. तिच्या आजाराचं नाव लायकेन स्क्लेरोसस. वर्षानुवर्षं खाजवून रात्र काढणाऱ्या अनेक बायकांना हे नाव कुणी सांगितलेलंच नसतं.

सगळ्यात आधी काय थांबवायचं

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत घरी करण्यासारखं एक मोठं काम आहे: त्या जागेला लावायचं सगळं बंद करणं. साबण, इंटिमेट वॉश, आंघोळीच्या पाण्यात टाकलेलं जंतुनाशक, टाल्कम पावडर, केस काढायचं क्रीम, सुगंधी पॅड, ओले वाइप्स. तुरटीचं पाणी, कडुलिंबाच्या पाल्याचा काढा आणि मिठाच्या कडकडीत पाण्याचा शेक हेही त्यातच आले. आजीने सांगितलेलं असलं तरी सोललेल्या त्वचेवर ते झोंबतंच. इथली त्वचा पातळ असते, कायम झाकलेली आणि दमट असते, आणि घाम, लघवी, पाळीचं रक्त, कपड्याचं घर्षण हे सगळं रोज सोसत असते. त्यावर आणखी रसायनं आली की मूळ आजार बाजूला राहतो आणि ॲलर्जीचा दुसरा आजार सुरू होतो.

दिवसातून एकदा कोमट पाण्याने, हाताने धुवा. घासणी नको, कपडाही नको. योनीच्या आत पाणी मारायची गरज नाही, आतला भाग स्वतःची स्वच्छता राखतो. साबणाची सवय सुटत नसेल तर धुण्याआधी थोडं साधं, बिनसुगंधी खोबरेल तेल लावा आणि पाण्याने काढून टाका. लघवीला आग होत असेल तर जायच्या आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून ठेवा, लघवी थेट चिरांना लागत नाही. चड्डी सुती आणि सैल असू द्या. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि दमट चड्डी तशीच घातली जाते, त्यापेक्षा तिच्यावरून इस्त्री फिरवून पूर्ण कोरडी करून घाला. नखं कापा. झोपेत खाजवलं जातंच, निदान त्वचा फाटायला नको.

एका बाबतीत मात्र सांभाळून. स्टिरॉइड असलेली ट्यूब तुम्ही कित्येक महिने रोज लावत असाल तर ती एकाएकी सोडल्यावर लाली आणि आग उसळून येऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांना विचारूनच कमी करा. आणि आत्तापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, अगदी पिळून संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून सोबत न्या. त्यांची नावं डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा जास्त सांगतात.

आरसा घ्या

आपल्याकडे कितीतरी बायकांनी ही जागा आयुष्यात कधी पाहिलेली नसते. मलम नेमकं लावायचं तर ती पाहावीच लागेल. दार लावून घ्या, भरपूर उजेडात बसा. उकिडवं बसता येत असेल तर जमिनीवर हात-आरसा ठेवून बसा. गुडघे दुखत असतील तर पलंगावर उशीला टेकून, पाय दुमडून. बाहेरचे केसाळ ओठ, त्यांच्या आत आतले पातळ ओठ, वरच्या टोकाला क्लिटोरिस आणि तिच्यावरचं त्वचेचं टोपण, खाली योनीचं तोंड, आणि त्याच्या मागे शौचाच्या जागेपर्यंतचा छोटा पूल. एवढा नकाशा डोक्यात बसला की पुढचं सोपं जातं.

लायकेन स्क्लेरोससमध्ये त्वचा पांढरट होते, चमकते, आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी बारीक सुरकुतत जाते. हा पांढरेपणा ओठांभोवती आणि शौचाच्या जागेभोवती मिळून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसू शकतो. खाज रात्री वाढते. खाजवल्याने जांभळे डाग पडतात, चिरा पडतात, संबंधाच्या वेळी दुखतं. उपचार न होता वर्षं गेली तर आतले ओठ विरघळल्यासारखे सपाट होतात, क्लिटोरिसवरचं टोपण चिकटतं, योनीचं तोंड अरुंद होतं. हा संसर्ग नाही. कुणाकडून आलेला नाही, कुणाला लागणारही नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते असं आज मानलं जातं, म्हणूनच अशा बायकांमध्ये थायरॉइडचे आजारही जास्त आढळतात. तो कुठल्याही वयात होतो, पण पाळी गेल्यानंतर आणि पाळी सुरू व्हायच्या आधी, या दोन टप्प्यांवर विशेष.

पांढरं दिसलं की घरात पहिली शंका येते ती कोडाची, आणि मग बाई तोंड मिटून बसते. कोडात फक्त रंग जातो. त्वचा मऊ, नेहमीसारखीच राहते आणि सहसा खाजत नाही. पांढरेपणासोबत खाज, सुरकुत्या आणि चिरा असतील तर विचार लायकेन स्क्लेरोससचा करायला हवा.

बाकीच्या शक्यताही ढोबळ माहीत असाव्यात. जांघेत गोल, कडेला लाल-खवलेदार आणि मधे थोडा निवळलेला चट्टा, शिवाय घरात आणखी कुणाला तसंच काही, तर तो नायटा. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाणं, लाली आणि खाज, विशेषतः पाळीच्या आधी वाढणारी, हे कॅन्डिडाचं, म्हणजे योनीतल्या बुरशीच्या संसर्गाचं लक्षण. बाहेरच्या ओठावर एकाच जागी जाड, चामड्यासारखी झालेली कातडी ही बहुतेक वेळा खाजवण्यानेच घडलेली असते. ओठांवर आणि योनीत लालभडक सोललेली जागा, सोबत तोंडातही जखमा, तर लायकेन प्लॅनस असू शकतो. त्याचं नाव सारखं असलं तरी आजार वेगळा आहे, तो योनीच्या आत जातो, लायकेन स्क्लेरोसस जात नाही. हे वाचून निदान स्वतः करू नका. पण "बुरशी आहे" म्हणून तिसऱ्यांदा तीच गोळी लिहून मिळाली आणि फरक पडला नाही, तर "दुसरं काही असेल का, एकदा नीट बघता का" एवढं विचारायला ही माहिती पुरते.

डॉक्टरांकडे

पाटीवर "त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग तज्ज्ञ" असं लिहिलेलं असतं आणि बायका पायरीवरून परत फिरतात. ती पाटी डॉक्टरांच्या पदवीची आहे, आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या आजाराची नाही. ज्यांना ती पायरी चढवत नाही त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. पैशाची अडचण असेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, नागपूरला मेडिकल, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, अशा रुग्णालयांमध्ये दोन्ही ओपीडी असतात. डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी सिस्टर किंवा सोबतची बाई आत असावी असं स्पष्ट सांगा. तो तुमचा हक्क आहे.

न बघता फक्त ऐकून औषध लिहिलं तर ते घेऊ नका. या आजारांत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निदान होत नाही. साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते आवर्जून सांगा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्यामुळे कॅन्डिडाचा त्रास वाढतो. गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका. निदानाबद्दल शंका असली किंवा उपचाराला दाद मिळत नसली की डॉक्टर बायोप्सी सुचवतात. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, जखम थोड्या दिवसांत भरते. बायोप्सी सांगितली म्हणजे कर्करोगच आहे असं नसतं.

ट्यूब विकत घेताना

निदान लायकेन स्क्लेरोससचं झालं, तर जगभर पहिली पसंती असलेलं औषध म्हणजे क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के. शक्यतो ऑइंटमेंट घ्या, क्रीम नको. ऑइंटमेंट तेलकट असतं, त्यात टिकवणारी रसायनं कमी असतात म्हणून झोंबत कमी, आणि ते जागेवर टिकतंही जास्त. ऑइंटमेंट मिळालंच नाही तर डॉक्टरांना विचारून क्रीम चालतं.

खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. घटकांमध्ये क्लोबेटासोल हे एकच नाव हवं. त्यासोबत निओमायसिन, जेंटामायसिन, मायकोनाझोल, टर्बिनाफिन, ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल यांतलं काही दिसलं तर ती ट्यूब परत करा, मेडिकलवाला "तेच आहे, उलट जास्त चांगलं आहे" म्हणाला तरी. निओमायसिनची तर त्वचेला ॲलर्जी होण्याचं प्रमाणही बरंच आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या शेड्यूल एच यादीत घातली, त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यासाठी बरीच वर्षं पाठपुरावा केला होता. काउंटरवर काय चालतं ते आपण पाहतोच, म्हणून खबरदारी आपल्यालाच घ्यायची आहे.

मलम लावायची रीत

सर्वाधिक वापरलं जाणारं वेळापत्रक तीन महिन्यांचं आहे. पहिले ४ आठवडे रोज रात्री एकदा. पुढचे ४ आठवडे एक रात्र आड. त्यापुढचे ४ आठवडे आठवड्यातून दोन रात्री. तुमच्या डॉक्टरांनी यात बदल केला असेल तर त्यांचं ऐका.

माप असं: ट्यूबमधून मलम तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत पिळलं की साधारण अर्धा ग्रॅम होतं. मोठ्या बाईला एका वेळी एवढं जास्तीत जास्त पुरतं, जागा लहान असेल तर त्याच्या निम्मंच. हिशेब करून बघा. वरच्या वेळापत्रकात २८ अधिक १४ अधिक ८ म्हणजे ५० वेळा मलम लागतं. दर वेळी अर्धा ग्रॅम धरला तर २५ ग्रॅम. म्हणजे ३० ग्रॅमची एक ट्यूब तीन महिने पुरायला हवी. ती महिन्यात संपली तर तुम्ही जास्त लावता आहात किंवा भलतीकडे लावता आहात. तीन महिन्यांनी ती जवळजवळ भरलेलीच असेल तर तुम्ही पुरेसं लावलेलं नाही. माझ्या मते ट्यूब किती उरली हा या उपचारातला सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार आहे, तपासणीला जाताना ती नक्की सोबत न्या.

रात्री झोपायच्या आधी लघवीला जाऊन या. कोमट पाण्याने धुवा, मऊ सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका. पाच मिनिटं वाऱ्यावर कोरडं होऊ द्या. हात धुवा. पहिल्या काही रात्री आरसा वापरा. बाहेरचे ओठ एका हाताने बाजूला करा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मलम जिथे पांढरट आणि खाजरं आहे तिथेच लावा: बाहेरच्या ओठांची आतली बाजू, आतले ओठ, क्लिटोरिसचं टोपण, मधला पूल, आणि शौचाच्या जागेभोवती आजार असेल तर तिथेही. हलक्या हाताने, दिसेनासं होईपर्यंत जिरवा. पांढरा थापलेला थर नको. योनीच्या आत, जांघेच्या घडीत आणि मांडीवर लावायचं नाही. आतल्या ओठांची त्वचा हे औषध बऱ्यापैकी सोसते, पण जांघ आणि मांडीची त्वचा पातळ होते आणि तिथे कायमचे ताणाचे वळ उठतात. शौचाच्या जागेभोवतीही बेताने.

मग हात साबणाने धुवा. डोळ्यांना बोट लागता कामा नये, या मलमाने डोळ्यांतला दाब वाढू शकतो. वर पॅड किंवा घट्ट चड्डी नको, परकर किंवा सैल गाऊन बरा. त्वचा मऊ ठेवायला पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावायचं असेल तर स्टिरॉइडनंतर अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर औषध तेलाबरोबर नको तिथे पसरतं. पाळी चालू असतानाही मलम चालतं. संबंध ठेवायचे असतील तर मलम त्यानंतर लावा. तेलकट मलमाने निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो, हेही ध्यानात ठेवा. गरोदर असाल, किंवा तशी शक्यता असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा.

दिवस लक्षात ठेवायला भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिंब करत जा, घरात कुणाला काही कळण्याचं कारण नाही. आठवड्यातून दोनदावर आल्यावर सोमवार आणि गुरुवार ठरवून टाका. ज्यांचे उपास असतात त्यांना हे वार विसरायला होत नाहीत.

खोक्यातला तो कागद

त्यावर लिहिलेलं असतं की हे औषध गुप्तांगावर वापरू नये, दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये. बाई घाबरते, आणि तिचं घाबरणं बरोबरच आहे. ती सूचना सर्वसाधारण वापरासाठी आहे, मेडिकलमधून उचलून आणलेल्या ट्यूबसाठी तर ती अगदी योग्य. लायकेन स्क्लेरोसस हा तिला अपवाद आहे. इथे आजार स्वतःच त्वचा पातळ करून चिकटवत असतो आणि हे औषध ते थांबवतं.

२०१५ साली सिडनीतल्या डॉक्टरांनी ५०७ बायकांचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ३५७ जणींनी सांगितल्याप्रमाणे स्टिरॉइड मलम चालू ठेवलं, त्यांच्यात एकीलाही त्या जागेचा कर्करोग किंवा त्याआधीची अवस्था आढळली नाही. मलम अर्धवट वापरणाऱ्या १५० जणींपैकी ७ जणींना आढळली. ओठ चिकटण्याचं प्रमाणही नीट वापरणाऱ्यांमध्ये फार कमी होतं. एरवी उपचार न घेणाऱ्यांमध्येही कर्करोगाचा धोका ५ टक्क्यांच्या आतच सांगितला जातो, तेव्हा रात्रीची झोप उडवून घ्यायचं कारण नाही. पण "खाज थांबली, आता कशाला" म्हणून मलम सोडणंही परवडणारं नाही.

किती दिवसांत काय

खाज पहिल्या काही आठवड्यांत ओसरते. चिरा त्यानंतर भरतात. त्वचेचा पोत तीन महिन्यांत सुधारतो, पांढरेपणा मात्र काहींचा पूर्ण जात नाही, आणि जे ओठ आधीच सपाट झाले किंवा चिकटले ते मलमाने परत येत नाहीत. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर "रंग गेला नाही म्हणजे औषध लागू पडलं नाही" असं वाटून निराशा येते. महिनाभर नीट लावूनही खाज तशीच असेल तर शक्यता अनेक असतात: मलम चुकीच्या जागी लागतं आहे, वर कॅन्डिडा झाला आहे, लघवी गळते आहे, कशाची तरी ॲलर्जी आहे. क्लोबेटासोल सोसत नसेल तर डॉक्टर मोमेटासोन किंवा टॅक्रोलिमस देऊ शकतात. टॅक्रोलिमस सुरुवातीला बरंच झोंबतं.

तीन महिन्यांच्या तपासणीनंतर बहुतेकींना आठवड्यातून एक-दोनदा मलम पुढे चालू ठेवावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. हा आजार रक्तदाबासारखा ताब्यात ठेवायचा असतो. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने डॉक्टरांना दाखवत राहा, आणि महिन्यातून एकदा आरशात स्वतः पाहा.

पाळी गेलेल्या बायकांमध्ये आणखी एक गुंता असतो. इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनी कोरडी पडते, संबंधात आणि लघवीला आग होते, आणि हे दुखणं स्टिरॉइडने बरं होणार नसतं. त्यासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम वेगळं मिळतं, साधारण दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा. दोन्ही मलमं एकाच बाईला लागू शकतात. ट्यूबांवर मार्करने "बाहेर" आणि "आत" असं लिहून ठेवा.

लहान मुलींमध्ये

पाच-सहा वर्षांची मुलगी सारखी तिथे हात लावते, लघवीला रडते, शौचाला जायचं टाळते म्हणून बद्धकोष्ठ होतो, आणि घरातले तिला "घाण सवय" म्हणून रागावतात. तिला रागावू नका, दाखवून आणा. जांभळे डाग पाहून कधीकधी लैंगिक अत्याचाराची शंका घेतली जाते. ती शंका कुणीही हलक्यात घेऊ नये, पण लायकेन स्क्लेरोससमध्येही असेच डाग पडतात हे तपासणाऱ्या डॉक्टरांना ओळखता यायला हवं. मुलींनाही हेच मलम देतात, फार कमी मापात आणि बालरोग किंवा त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. वयात आल्यावर आजार कधी निवतो, कधी निवत नाही, म्हणून तपासणी थांबवू नये.

नायटा असेल तर

मग वरचं सगळं विसरा. स्टिरॉइडचा थेंबही नको. गेल्या काही वर्षांत भारतात नायटा चिवट झाला आहे, टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीची जात पसरली आहे, आणि मिश्र क्रीमांच्या बेसुमार वापराने त्याला हातभार लावला. फक्त बुरशीनाशक मलम, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं रुंदीपर्यंत लावा, खाज गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवा, आणि बहुतेक वेळा सोबत गोळ्याही घ्याव्या लागतात. घरातल्या ज्याला-ज्याला आहे त्या सगळ्यांचे उपचार एकदमच करा. टॉवेल वेगळे ठेवा.

थांबू नये अशा गोष्टी

दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, हाताला लागणारी गाठ, एकाच जागी जाड आणि कडक होत जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, मधेच रक्त येणं, मलम नीट लावूनही एका ठिकाणी टिकून राहिलेली खाज किंवा दुखणं: यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा, आणि "बायोप्सी करायची का" हे स्वतःहून विचारा. मलम लावत असताना दुखरे पाण्याचे फोड उठले तर ती नागीण किंवा हर्पिस असू शकते, तेव्हा मलम थांबवून त्याच दिवशी दाखवा.

घरात सत्तरीच्या पुढची आई किंवा सासू असेल, तिला वाकता येत नसेल, डोळ्यांना दिसत नसेल, तर मलम लावायला तिला कुणीतरी लागेल, आणि ती स्वतःहून मागणार नाही. तिला एकांतात विचारा. हातमोजा घाला, दिवा लावा, आणि तिची हरकत नसेल तर सोमवार-गुरुवार तुम्हीच लावून द्या.